शेततळ्यातील मासा आजारी पडतो तेव्हा

तुम्ही यंदा प्रथमच शेततळ्यात रोहू आणि कटला सोडले आहेत, म्हणून आग्रहाने सांगतो की, जिवाणूजन्य रोगाची खूण बहुतेक वेळा जखमेच्या आधी माशाच्या वागण्यात दिसते. खाद्य पडताच झेपावणारा थवा मंदावतो आणि एखादा मासा कळपापासून तुटून काठाशी निपचित तरंगतो, सावली पडली तरी दचकत नाही. (पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर तो बहुधा प्राणवायूचा तुटवडा असतो.) असा मासा हातमोजे घालून नीट पाहावा, एरोमोनास या जिवाणूंच्या संसर्गात पोट फुगते, डोळे बाहेर येतात, खवले उभे राहतात. हे जिवाणू पाण्यात एरवीही असतात, परंतु मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी आटून दाटी व अमोनिया वाढला की माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि त्यांचे फावते. एका उन्हाळ्यात मी उरलेले खाद्य तळाशी कुजू दिले आणि निम्मे मासे गमावले, ते आजही सलते. लक्षण दिसताच खाद्य कमी करावे, मेलेले मासे चुना टाकून पुरावेत, थोडे-थोडे पाणी बदलावे आणि तेच जाळे दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. प्रतिजैविक मात्र तज्ज्ञाने मासा तपासल्याशिवाय देऊच नये. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे.