गर्भपात कायदेशीर आहे, तर स्त्रियांना न्यायालयात का जावे लागते?

आपण विचारले आहे की भारतात १९७१ पासून गर्भपाताला कायद्याची परवानगी असताना स्त्रियांना आजही न्यायालयाचे दार का ठोठावावे लागते आणि या हक्कासाठी झगडणाऱ्यांची नेमकी मागणी काय आहे. मी मुंबईत वकिली करते आणि अशा काही याचिकांचे काम मी केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भारतीय दंड संहितेतील कलम ३१२ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ झाले आणि त्यात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा शिक्षेस पात्र ठरते. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला, तो या गुन्ह्याला अपवाद म्हणून. ठरावीक अटी पाळून गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला तो संरक्षण देतो. ‘स्त्रीला हा अधिकार आहे’ असे एकही वाक्य त्यात नाही. स्त्रीची संमती लागते, पण निर्णय डॉक्टरांच्या मतावर अवलंबून राहतो. माझ्या मते पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ इथे आहे, कारण ज्याच्या मानेवर फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार आहे, तो डॉक्टर शंका आली की हात वर करतो आणि ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणतो.

२००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे कायद्यातली तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर समजले. त्या, त्यांचे पती आणि डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले; न्यायालयाने परवानगी नाकारली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा गर्भ आपोआप पडला. या प्रकरणाने हा प्रश्न पहिल्यांदा घराघरात पोचवला. त्यानंतर एकेक स्त्री, हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन, स्वतःपुरती परवानगी मागत राहिली आणि कायदा बदलायला २०२१ उजाडले. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे. आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही गर्भपात होऊ शकतो.

न्यायालयांनी या काळात कायद्यापेक्षा पुढचे पाऊल टाकले, हे मान्य करायलाच हवे. मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले होते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्याने २४ आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रियांना वगळणे घटनाबाह्य ठरवले, आणि कायद्यात नसलेल्या अटी, उदाहरणार्थ घरच्यांची संमती, डॉक्टरांनी लादू नयेत असेही बजावले.

आणि तरीही रुग्णालयाच्या खिडकीवर काय घडते, ते सांगते. माझ्याकडे आलेल्या एका बाईचा नवरा ती पाच महिन्यांची गरोदर असताना अपघातात गेला. तिच्या पदरात आधीच दोन मुली होत्या. २१ आठवडे ३ दिवस झालेले असताना ती एका सरकारी रुग्णालयात गेली, तेव्हा फॉर्म घेणाऱ्याने आधी ‘मिस्टरांची सही’ मागितली. तिने मृत्यूचा दाखला पुढे केला, तर ‘मग सासऱ्यांची आणा’ असे उत्तर मिळाले आणि सासरे सही द्यायला तयार नव्हते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिच्या स्वतःच्या सहीखेरीज कोणाचीच सही कायद्याला लागत नाही, आणि वैधव्य तर नियमांत शब्दशः लिहिलेले आहे. तरी तिला चार खेपा घालाव्या लागल्या आणि शेवटी न्यायालयाकडे बोट दाखवण्यात आले.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. पहिल्या १२ आठवड्यांत स्त्रीची विनंती पुरेशी असावी. २०१४ च्या सरकारी मसुद्यात हे होते, ते पुढे वगळले गेले. गर्भपात फौजदारी कायद्यातून बाहेर काढावा. प्रशिक्षित परिचारिकांनाही सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपाताची मुभा असावी, म्हणजे तालुक्याच्या गावातून जिल्ह्यापर्यंत जाण्यात आठवडे निघून जाणार नाहीत. गर्भलिंग निदानाविरुद्धची मोहीम हा वेगळा विषय आहे. त्या कायद्यासाठी महाराष्ट्रातील स्त्री चळवळ आधी लढली, १९८८ मध्ये राज्याने देशातला पहिला असा कायदा केला, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण त्याच्या धाकाने औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच कचरतात, हे त्या लढ्याला अभिप्रेत नव्हते.

आपल्या ओळखीत कोणावर ही वेळ आली असेल, तर आधी न्यायालय गाठू नका. रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, त्यात लागू होणारी तरतूद आणि सोनोग्राफीतील आठवडे व दिवस लिहा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या आणि नकार असेल तर तो लेखी मागा. त्या बाईच्या बाबतीत आम्ही हेच केले. लेखी नकार द्यायला कोणी तयार झाले नाही, आणि तिसऱ्या दिवशी, २३ आठवडे १ दिवस झालेले असताना, तिच्या एकटीच्या सहीवर तिला दाखल करून घेतले गेले.