आईला काचबिंदू आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबतच स्टेंट बसवून घ्यावा का? थेंब बंद होतात का?

थेंब काहींचे बंद होतात, काहींची एखादी बाटली कमी होते आणि काहींचे नंतर परत चालू होतात. पण आईचा अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपरा) उघडा आहे की बंद आणि फिल्ड टेस्टमध्ये (बाजूची नजर किती उरलीय ती तपासणी) किती गेलंय हे तुम्ही लिहिलंच नाहीये, सगळं त्यावर आहे.

याच स्टेंटवरून आमच्या घरात महाभारत झालंय म्हणून लिहितेय. बाबांच्या डोळ्याचं प्रेशर तीन-तीन थेंब घालूनही २४, नसेचा कप ०.९, म्हणजे डोळ्याची नस जवळपास पोखरलेली. डॉक्टर म्हणाले १२ च्या आसपास आणायलाच हवं, ट्रॅब (ट्रॅबेक्युलेक्टमी, पाण्याला बाहेर नवी वाट करून द्यायचं जुनं ऑपरेशन) करू. दादा न्यू जर्सीत. त्याच्या सासूबाईंना तिकडे मोतीबिंदूबरोबर आयस्टेंट नावाचा स्टेंट टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाई टीव्ही बघत बसल्या, झालं, मग याचा रोज फोन, १९६८ सालचं ऑपरेशन कशाला करताय, पैसे मी देतो. अरे पैशाचा प्रश्न होता कुठे! तो स्टेंट म्हणजे टायटॅनियमची जेमतेम मिलिमीटरभर नळी, डोळ्यातलं पाणी जिथून झिरपतं ती जाळी तुंबली की तिला बायपास करून मागच्या नळीत वाट करून देते. तिथून पाणी शेवटी शिरांमध्येच जातं आणि शिरांचं स्वतःचं प्रेशर असतंच, म्हणून साधारण १५-१६ च्या खाली फारसं उतरत नाही. सासूबाईंचा काचबिंदू सुरुवातीचा, त्यांना पुरलं. बाबांना पुरलं नसतं. ट्रॅबमध्ये पाणी थेट पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली काढतात, बाबांची वरची पापणी उचलली की तो फुगवटा दिसतो. प्रेशर ११.

आणि नवीन म्हणजे चांगलंच असं नसतं. सायपास नावाचा स्टेंट २०१६ मध्ये अमेरिकेतच पास झाला आणि २०१८ मध्ये कंपनीनेच मागे घेतला, कॉर्नियाच्या पेशी जास्त कमी होत होत्या. हे दादाला पाठवलं तर अंगठा आला नुसता. ट्रॅबनंतरच्या तपासण्या, डोळा चोळू न देणं, रात्री डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरून थेंब घालणं हे सगळं जो करतो त्याचं ऐका, व्हिडिओ कॉलवर "डोळा लाल दिसतोय" म्हणणाऱ्याचं नको.

तुमच्या आईचा अँगल उघडा असेल, काचबिंदू सुरुवातीचा-मधला असेल आणि मोतीबिंदू काढायचाच असेल तर स्टेंटचं जरूर विचारा. आपल्याकडे काही सर्जन महागड्या स्टेंटऐवजी बारीक सुई वाकवून किंवा टाक्याचा दोरा आतून फिरवूनही ती जाळी उघडतात, तेही विचारा. एसएलटी लेसर (प्रेशर उतरवायला त्याच जाळीवर मारतात ते) आधी झालंय का? गेलेली नजर यातल्या कशानेच परत येत नाही, तेवढं घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मी डॉक्टर नाही, बाबांच्या फाइली सांभाळून एवढं कळलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला आधीच सांगा, या ऑपरेशनांनंतर डोळ्यात थोडं रक्त उतरू शकतं, काही दिवस धूसर दिसतं.