सिंगापूरच्या चिप आणि अमेरिकेचं आयातशुल्क

प्रश्न : सिंगापूरचा अमेरिकेशी मुक्त व्यापार करार आहे. मग तिथल्या चिप उद्योगाला आयातशुल्काची धास्ती का?

उत्तर : करार २००४ पासून लागू आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने सिंगापूरच्या मालावर १० टक्के शुल्क लावलं. सेमीकंडक्टर, म्हणजेच चिप, त्यातून वगळले, पण त्यांची वेगळी चौकशी सुरू केली. जगातल्या दर दहा चिपांपैकी साधारण एक सिंगापुरात बनते, त्यामुळे धास्ती रास्तच आहे.

खरा घोळ मूळ देश ठरवताना होतो. वेफर (जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती) सिंगापुरात बनली आणि पॅकेजिंग (वेफरमधून कापलेली चिप आवरणात बसवणं) मलेशियातल्या पेनांगला झालं, तर अमेरिकी कस्टम्स सहसा पॅकेजिंगचा देश धरतं. चीनमध्ये एप्रिल २०२५ पासून वेफर बनते तो देश धरतात. एकाच चिपचे दोन मूळ देश! म्हणून निर्यातदाराने प्रत्येक लॉटसोबत दोन्ही ठिकाणांची कागदपत्रं ठेवावीत.

शुल्क भरतो अमेरिकेतला आयातदार. पण त्याने ऑर्डर कमी केल्या की फटका फॅबला, म्हणजे वेफर बनवणाऱ्या कारखान्याला बसतो. यंत्रांचा घसारा, क्लीनरूमची (धूळमुक्त दालनांची) वीज काही कमी होत नाही. क्षमतेचा वापर ९० वरून ७० टक्क्यांवर आला, तर दर वेफरमागचा स्थिर खर्च सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो.