शेंबडात प्रोटीन असतं म्हणे, ते शरीराच्या काही कामाचं असतं की नुसती घाण?

घाण बिलकुल नाही. शेंबूड बहुतेक पाणीच, पण त्याला चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या प्रोटीनमुळे, धूळ आणि जंतू त्यातच अडकतात. पण मला बोलायचंय ते हिरव्या शेंबडाबद्दल.

माझा पोऱ्या चार वर्षांचा होता, रावेरला सासरी होतो, ऐन थंडीत. तिसऱ्या दिवशी नाक हिरवं गळायला लागलं. मोठे भाऊजी म्हणे "हिरवा झाला म्हणजे आत पू झाला" आणि फ्रिजमधून त्यांच्या पोरीची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढली, चमचा पण आणला. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय, सरळ बाटली उचलून माझ्या खोलीत नेली. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चार बुकं शिकली म्हणून पोराच्या जिवाशी खेळशील का माय?" ते अजून लागतं मला, कारण तेव्हा रडूच आलं आणि नीट सांगता आलं नाही.

तर आता सांगते. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेझ नावाचं लोहवालं प्रोटीन असतं, ते मुळातच हिरवं, आणि जंतू मारायला ब्लीचसारखं रसायन बनवतं. साध्या व्हायरसच्या सर्दीत पण ह्या पेशी नाकात येतात, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. शिवाय शेंबडात लायसोझाइम नावाचं प्रोटीन असतं, ते बॅक्टेरियाची भिंत तोडतं, पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी १९२२ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं, आणि ते त्याला सापडलं सर्दीच्या शेंबडातच! लॅक्टोफेरिन नावाचं आणखी एक प्रोटीन लोह धरून ठेवतं, मग जंतूंना ते मिळत नाही.

पोऱ्याचं नाक नवव्या दिवशी सुकलं, फक्त मिठाच्या पाण्याचे थेंब घातले होते. भाऊजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ज्यांच्या घरी अशा उरलेल्या बाटल्या ठेवतात त्यांनी ऐका, पाण्यात कालवलेलं ते सिरप आठवड्या-दोन आठवड्यांत कामातून जातं आणि डोस दुसऱ्याच पोराच्या वजनाचा असतो. नुसता रंग बघून औषध द्यायचंच नाही.

हां, पण ताप उतरत नसेल, श्वास जोरात चालत असेल, दहा दिवस होऊनही कमी नसेल, तर डॉक्टरकडे न्याच, तिथे माझं ऐकू नका.