वाचकांचे प्रश्न : बागेतल्या वाटेसाठी खडी किती मागवावी?

प्रश्न : घरामागच्या बागेत ४० फूट लांब आणि सरासरी ४ फूट रुंद अशी वळणाची वाट करायची असून तिच्यावर ३ इंच खडी टाकण्याचा विचार आहे. एक विक्रेता ब्रासमध्ये हिशेब सांगतो, दुसरा टनात, आणि दोघांच्या आकड्यांचा मेळ लागत नाही. नेमकी किती खडी मागवावी?

उत्तर : प्रथम घनफळ काढावे आणि ब्रास किंवा टन हे त्यानंतर पाहावे. ४० गुणिले ४ म्हणजे १६० चौरस फूट. ३ इंच म्हणजे पाव फूट. तेव्हा ४० घनफूट खडी लागेल. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून ही खडी ०.४ ब्रास झाली. टनाचा आकडा मात्र असा ठाम सांगता येत नाही, कारण सैल खडीच्या ढिगात सुमारे चाळीस टक्के जागा पोकळ असते आणि ही पोकळी किती, हे दगडाच्या आकारावर व बारीक-जाड मिश्रणावर ठरते. साधारणपणे एक ब्रास खडी सव्वाचार ते साडेचार टन भरते, म्हणजे आपल्याला १.७ ते १.८ टन लागेल. विक्रेता ब्रासचे टन कोणत्या आकड्याने करतो, हे आधी विचारून घेतले की दोन्ही भाव एका मापावर आणता येतात.

वाट वळणाची असल्याने लांबी तिच्या मध्यरेषेवर दोरी टाकून मोजावी आणि रुंदी दर पाच फुटांवर घेऊन सरासरी काढावी. एवढी काळजी बहुतेक जण घेतातच. हिशेब चुकतो तो जाडीत. ४० फुटांच्या लांबीत एक फुटाची चूक झाली तर खडी अडीच टक्क्यांनी कमी-जास्त होईल, पण ३ इंचांच्या थरात अर्ध्या इंचाची चूक झाली की सतरा टक्क्यांचा फरक पडतो, आणि फावड्याने खणलेली जमीन अर्ध्या इंचाने खालीवर असणे यात नवल काहीच नाही. म्हणून वाट खणून, तळ सारखा करून झाल्यावर दोन्ही कडांना खुंट्या ठोकून आडवी दोरी ताणावी, दोरीपासून तळापर्यंतचे अंतर आठ-दहा ठिकाणी मोजावे आणि त्यातून वरची मोकळी ठेवायची कड वजा करून येणारी सरासरी जाडी म्हणून धरावी. ‘३ इंच’ हा मनातला आकडा मागणीसाठी वापरू नये. या मापाने आलेल्या घनफळावर दहा टक्के वाढवले, तर सांडलवंड आणि मातीत रुतणारी खडी भरून निघते.

एक सूचना न विचारता करतो. एकाच आकाराच्या, विशेषतः गोल खडीचा ३ इंच सैल थर चालताना पावलाखाली सरकतो. त्यापेक्षा खाली मुरूम धुमसून पक्का करावा आणि वर २ इंच खडी पसरावी. मग खडी ४० ऐवजी सुमारे २७ घनफूटच लागेल. थराची जाडी सर्वांत मोठ्या दगडाच्या निदान दुप्पट असावी, म्हणून २ इंचांच्या थराला २० मिलिमीटरपर्यंतची खडी ठीक.

प्रश्न : गाडी उभी करण्यासाठी २० बाय १० फुटांच्या जागेत ४ इंच मुरूम हवा होता. हिशेबाने ६७ घनफूट आणला, पण धुमसल्यावर थर जेमतेम सव्वातीन इंच भरला. विक्रेत्याने कमी दिला असेल का?

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. मुरुमात बारीक कण असतात. धुमसताना ते मोठ्या खड्यांमधल्या पोकळीत बसतात आणि थर सुमारे वीस टक्क्यांनी दबतो. ४ इंचांच्या वीस टक्के कमी म्हणजे ३.२ इंच, आणि आपल्याकडे तेवढाच थर भरला आहे. मागणी काढताना हव्या असलेल्या पक्क्या घनफळाला ०.८ ने भागावे. ६७ ला ०.८ ने भागले तर सुमारे ८४ घनफूट येतात. पुष्कळ जण १.२ ने गुणतात आणि मग तीन-चार घनफूट कमी पडतात. धुमसण्याचे काम दोन थरांत करावे, कारण सगळा मुरूम एकदम टाकला तर खालचा भाग सैलच राहतो. बारीक कण नसलेली, एकाच आकाराची खडी मात्र फारशी दबत नाही, त्यामुळे तिला ही वाढ लावू नये.

प्रश्न : झाडाभोवती १२ फूट व्यासाची गोल बैठक करायची आहे. मधले ३ फुटांचे आळे वजा करावे का?

उत्तर : करावे, पण फरक थोडाच पडेल. वर्तुळ ११३ चौरस फूट, आळे ७, उरले १०६. २ इंच थराला १८ घनफूट पुरतील. खोडाला खडी टेकवू नये.

प्रश्न : आलेली खडी मागणीइतकी आहे हे कसे पडताळावे?

उत्तर : गाडी रिकामी करण्यापूर्वी खडीचा माथा सपाट करवून घ्यावा, हौद्यातली लांबी, रुंदी आणि खडीची उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १०० ने भागावे, म्हणजे ब्रास मिळतात. ढीग आधीच पडला असेल तर तो शंकूसारखा धरावा : त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची गुणिले ३.१४, आणि त्याचा एक तृतीयांश. १० फूट व्यासाचा, ३ फूट उंच ढीग सुमारे ७८ घनफूट भरतो. ढीग कधीच नेमका शंकू नसतो, त्यामुळे दोन-चार घनफुटांच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दहा-पंधरा घनफूट कमी असतील तर जरूर विचारावे.