एकाच विषयावरील चित्रप्रकल्प: नवोदित विद्यार्थ्यासाठी

‘जुना वाडा’ हा तुम्ही निवडलेला विषय चांगला आहे, परंतु एका सत्राच्या प्रकल्पासाठी तो फार मोठा आहे, म्हणून त्यातील केवळ उंबरठा घ्यावा, असे मला मनापासून वाटते. कागद घेऊन तिथे सकाळी बसा आणि पुन्हा तिन्हीसांजेला बसा. पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेले लाकूड आणि कडेच्या भेगांत साचलेले हळदकुंकू तुम्हाला पहिल्या दिवशी कदाचित दिसणारही नाही. जपानी चित्रकार होकुसाईने फुजी पर्वताची ‘छत्तीस दृश्ये’ करायला घेतली आणि ती अखेर ४६ झाली; एकाच गोष्टीकडे पाहत राहिले की ती संपत नाही.

पहिली वीस-पंचवीस रेखाटने कोळशाने, भराभर करावीत. रंगांची घाई नको. त्यानंतर माध्यम विषयाला विचारून ठरवावे: लाकडाची झीज दाखवायची असेल, तर जलरंगापेक्षा लिनोछाप (लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून घेतलेली छाप) अधिक बोलकी ठरते, कारण तिथे तुम्हीही पृष्ठभाग कोरूनच काढत असता. फसलेली रेखाटने फाडू नका. तारीख घालून वहीतच ठेवा, परीक्षकांना तुमचा विचार कसा वळत गेला हे त्यांतूनच कळते.