ॲप ‘मध्यम पाऊस’ सांगतंय. जुलैत सागरगडला एकट्याने जाऊ का?

तुम्ही विचारलंय की रविवारी अलिबागजवळच्या सागरगडला एकट्याने जायचंय, अंदाज ‘मध्यम पाऊस’ आहे, तर जावं की रद्द करावं. मी इकडचाच. या डोंगरावर एकटा बऱ्याचदा गेलोय, एकदा चांगलाच अडकलोयही. जा, पण वाटेतला ओढा परतताना ओलांडता येईल का, याचा हिशेब करून जा.

आधी तो ‘मध्यम’ शब्द. हवामान खात्याच्या मापात 24 तासांत 15.6 ते 64.4 मिलिमीटर पडला की मध्यम. यातले 60 मिलिमीटर दिवसभर झिमझिमत पडले तर विशेष काही वाटत नाही. तेच दुपारी तासाभरात कोसळले तरी दिवसाच्या नोंदीत पाऊस मध्यमच! शिवाय समुद्रावरून येणारा ओला वारा डोंगराला अडून वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिता होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरताना ऊन असतं आणि माचीवर, म्हणजे गडाखालच्या सपाटीवर, पोचेपर्यंत धुक्यात पुढ्यातली म्हैस घंटेवरून ओळखावी लागते.

मी अडकलो तो दिवसही असाच. सकाळी आभाळ मोकळं. गडावरून पश्चिमेला अलिबागचा कुलाबा किल्ला लख्ख दिसत होता. बघता बघता कुलाबा पुसला गेला. तेव्हाच निघायला हवं होतं. मी डबा उघडला. पाव तासात सर अंगावर. मग धुक्यात एका ढोरवाटेला लागलो. ढोरवाट गवताकडे जाते, घराकडे नाही, हे तासभर फिरल्यावर कळलं.

वाडी ओलांडून ओढ्यावर आलो तर सकाळी ज्या दगडावर पाय ठेवून गेलो होतो, पांढरी रेघ असलेला, तो दिसेचना. पाणी दुधाच्या चहासारखं. गुडघाभरच वाटत होतं, म्हणून काठी टेकवून एक पाय घातला, तर काठीच थरथरायला लागली. मागून वाडीतली एक मावशी ओरडली, “पानी गढूल हाय तवर पाय घालू नको. बस गप!”

तिच्या ओटीवर कोरा चहा घेत बसलो. दर थोड्या वेळाने जाऊन दगड बघायचा, एवढंच काम. पाऊस थांबल्यावर तासाभराने पाणी निवळायला लागलं, मग दगडाची कड, मग रेघ. साडेचारला सुखरूप पार झालो. छोट्या डोंगराचे ओढे चढतात झटकन, तसे उतरतातही. घाई नसेल तर ते वाट देतात. पण शेवटची एसटी गाठायची असली की माणूस उतरतोच, आणि एकट्याला मागून धरायला कोणी नसतं. म्हणून वर पोचायचं ते दहाच्या आत, आणि बॅगेत एक रात्र निघेल एवढं: कोरडे कपडे जाड पिशवीत, टॉर्च, थोडं खाणं.

धुकं आलं तर चालू नका. बसा. वारा असला की बऱ्याचदा थोड्या वेळात फट पडते आणि वाट दिसते. चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून मोबाईलवर फोटो काढला तर उतरताना तीच खूण सापडते. रेंजच्या भरवशावर नकाशा उघडायला जाऊ नका. छत्री तर घेऊच नका, वरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि एक हात अडकवून ठेवते.

विजांची भीती जुलैत त्यामानाने कमी. ती मृगाच्या आगेमागे आणि हस्तात, दुपारनंतर. तेव्हा मात्र गडाच्या उघड्या टोकावर थांबायचं नाही.

निघण्याआधी धबधब्यांवर मनाईआदेश लागलाय का ते बघा, रायगडात पावसाळ्यात असे आदेश निघत असतात. घरी परतीची वेळ सांगून ठेवा. आणि सकाळी ओढा ओलांडताना ठळक दिसणाऱ्या एका दगडाचा फोटो काढा, परतताना तोच शोधा.